दूध शीतकरण : दोष यंत्रात की विजेत?

बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसशेतीच्या जोडीला दुग्धव्यवसायही रुजला आहे. संकलन केंद्रात दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. शीतकरण थांबले, की जिवाणू वाढून दूध नासते. मात्र, प्रत्येक वेळी दोष यंत्रातच असतो, असे नाही.

कॉम्प्रेसर नुसताच घुमत असेल, तर वायरमनकडून तिन्ही फेजचा दाब मोजून घ्यावा; तोही कॉम्प्रेसर सुरू होताना. एरवी योग्य दिसणारा दाब भार येताच कोसळू शकतो.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू होत नसेल, तर त्याच्या बॅटरीलाही हाच निकष लावावा. एरवी १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी स्टार्टर फिरताना ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास ती कमकुवत समजावी. वीजपुरवठा निर्दोष ठरल्यावरच यंत्र उघडणे श्रेयस्कर.