पेशी चुकली तर : पकडवॉरंट आणि कास्तकार

भोकरदन तालुक्यातील धावडा आणि आसपासच्या गावांत पावसाळ्यातील मिरचीचा तोडा सुरू झाला म्हणजे कास्तकारास दुसरे कशाचेच भान राहत नाही. माणसे मिळवावयाची, माल तोडावयाचा, पोती भरावयाची आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात भाव उतरण्यापूर्वी माल पोहोचवावयाचा. या धांदलीत कोर्टाची पेशी कोणाच्या ध्यानात राहणार? परंतु पीक जशी वाट पाहत नाही, तशी कोर्टाची तारीखही पाहत नाही. तारीख चुकते, दुसरी चुकते, आणि एके दिवशी ऐन तोड्याच्या वेळी पोलीस वॉरंट घेऊन बांधावर उभा राहतो. या प्रसंगी काय करावे व तो मुळातच कसा टाळावा, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

असे वॉरंट केवळ गुंडपुंडांवरच निघते, ही समजूत प्रथम टाकून द्यावी. बांधावरून झालेली शिवीगाळ व मारामारी, रास्ता रोको आंदोलनाचा खटला, वीजचोरीचा आरोप, दुसऱ्यासाठी राहिलेली जामीनकी, फार काय, नुसती साक्ष, यांपैकी कोणत्याही कारणाने सरळमार्गी शेतकऱ्याचे नाव कोर्टाच्या दप्तरात चढू शकते. परंतु अलीकडे सर्वांत अधिक फसगत होते ती धनादेशाच्या खटल्यात. समजा, एका कास्तकाराने दुकानातून खत-बियाणे उधारीने नेले आणि हमी म्हणून कोरा धनादेश सही करून दिला. पीक बुडाले, धनादेश बँकेतून परत आला, दुकानदाराने फिर्याद गुदरली. पुढे सुगी साधल्यावर कास्तकाराने सर्व रक्कम रोख चुकती केली आणि मनात म्हटले की, प्रकरण मिटले. परंतु पैसे फिटले म्हणून खटला आपोआप मिटत नाही. फिर्यादीने कोर्टात येऊन तडजोड नोंदवावी लागते. ती नोंद झाली नाही तर तारखा पडतच राहतात, आणि गैरहजर आरोपीवर वॉरंट निघते. देणे फिटलेला मनुष्य अशा रीतीने पोलिसांच्या हाती सापडतो.

कोर्टाची पायरी साधारणपणे क्रमाने चढते. प्रथम समन्स. ते घेऊनही मनुष्य आला नाही तर जामीनपात्र वॉरंट. तेही वाया गेले तर अजामीनपात्र वॉरंट. हाच क्रम सामान्यतः पाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितले आहे. समन्सबाबत एक नवी गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. पूर्वीच्या कायद्यात, ज्याच्या नावाचे समन्स तो सापडला नाही तर ते घरातील प्रौढ पुरुषाच्या हाती देता येत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'पुरुष' हा शब्द गाळला आहे. आता आईने किंवा पत्नीने घेतलेले समन्सही बजावलेलेच ठरते. ते उतरंडीमागे खोचून ठेवले आणि सांगावयाचे राहून गेले, ही सबब पुढे कामास येत नाही.

जामीनपात्र वॉरंटावर जामिनाची रक्कम, जामीनदारांची संख्या व हजर होण्याची तारीख लिहिलेली असते. तेवढा जामीन पोलिसास दिला की तो मोकळा सोडतो. मात्र त्या तारखेस कोर्टात जाणे प्राप्त असते. अजामीनपात्र वॉरंटात ही सोय नसते, पोलीस धरून कोर्टापुढे नेतो. तथापि 'अजामीनपात्र' याचा अर्थ जामीन मुळीच मिळणार नाही असा नव्हे. पोलिसास तो देता येत नाही, कोर्टास देता येतो, इतकाच त्याचा अर्थ. हा शब्द ऐकून गाव सोडून पळणारे लोक या एका गैरसमजापायी आपले प्रकरण हाताने बिघडवून घेतात.

पळण्याने वॉरंट संपते काय? मुळीच नाही. या संहितेच्या कलम 72 प्रमाणे (जुन्या संहितेचे कलम 70) ज्या कोर्टाने वॉरंट काढले ते कोर्ट ते रद्द करीपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते अंमलात राहते. पाच वर्षे लोटली म्हणून ते शिळे होत नाही. 'मनुष्य मिळून आला नाही' असा शेरा मारून पोलिसाने ते परत पाठविले तरी ते रद्द झाले असे होत नाही. म्हणून असा शेरा मिळविण्यासाठी चिरीमिरी देणे म्हणजे पैसे घालवून संकट लांबणीवर टाकणे होय. कोणी तशी मागणी केलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडून बुलढाण्याकडे पाहुण्यांच्या गावी जाऊन राहावे, तर वॉरंट भारतात कोठेही बजावता येते. आणि मनुष्य लपून बसला आहे अशी कोर्टाची खात्री झाली म्हणजे फरारी म्हणून जाहीरनामा निघतो. तो गावात वाचला जातो, घरावर चिकटविला जातो, आणि हजर होण्यास निदान 30 दिवसांची मुदत मिळते. त्याबरोबर मालमत्तेची जप्ती होऊ शकते. सारा भरणाऱ्या जमिनीची जप्ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. ज्या जमिनीसाठी जन्मभर राबावयाचे, ती एका चुकलेल्या पेशीपायी अशा जोखमीत घालणे शहाणपणाचे नव्हे.

आता आपल्या नावावर वॉरंट आहे की नाही हे कसे शोधावे? पहिला मार्ग घरबसल्याचा. ई-कोर्ट सेवा या सरकारी संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरील ॲपमध्ये महाराष्ट्र राज्य, जालना जिल्हा व भोकरदन येथील न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने व सालाने शोध घेता येतो. नावाची इंग्रजी स्पेलिंग एकाच प्रकारची असेल असे नाही, म्हणून दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. प्रत्येक खटल्यास 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो हाती लागल्यास शोध सोपा होतो. तेथे पुढील तारीख, खटल्याचा टप्पा आणि मागील तारखांचे कामकाज दिसते. टप्प्यात किंवा कामकाजात वॉरंटाचा उल्लेख आढळला तर विलंब करू नये. मात्र मोबाइलवर काही दिसले नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये, कारण खटला दुसऱ्या तालुक्याच्या किंवा दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टात असू शकतो. म्हणून दुसरा मार्ग असा की वकिलामार्फत कोर्टातील दप्तर पाहून घ्यावे व रोजनाम्याची नक्कल काढावी. गावचे पोलीस पाटील व आपले पोलीस ठाणे यांच्याकडेही चौकशी करता येते. परंतु अजामीनपात्र वॉरंटाची शंका असेल तर वकिलास आधी भेटलेले बरे.

फोनवरून येणाऱ्या वॉरंटापासून मात्र सावध राहावे. खरे वॉरंट लेखी असते, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही व कोर्टाचा शिक्का असतो. अंगावर वर्दी घालून मोबाइलच्या पडद्यावर 'तुम्हांस अटक झाली आहे, अमुक खात्यात पैसे भरा' असे सांगणारा इसम भामटाच समजावा. तशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. अशा वेळी 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

वॉरंट असल्याची खात्री पटली म्हणजे उपाय एकच, आणि तो सरळ आहे. धरून नेण्याची वाट न पाहता आपल्या पायांनी कोर्टापुढे जावे. त्यासाठी वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि गैरहजेरीचे खरे कारण पुराव्यासह लिहावे. दवाखान्याचा कागद, घरातील मृत्यूचा दाखला, समन्स चुकीच्या पत्त्यावर गेल्याचा पुरावा, जे असेल ते जोडावे. खोटे कारण देऊ नये. कोर्टापुढे रोज अशी शंभर कारणे येतात. जुना जामीन जप्त झाला असेल तर नवा जातमुचलका व जामीनदार द्यावा लागतो. म्हणून जामीनदारास सातबारा उतारा व ओळखपत्रासह त्याच दिवशी बरोबर न्यावे. काही रक्कम खर्चापोटी भरण्याचा हुकूम होऊ शकतो, तेवढी तयारी ठेवावी. वॉरंट रद्द करणे न करणे हे सर्वस्वी न्यायाधिकाऱ्याच्या विचारावर आहे. अर्ज नामंजूर होऊन कोठडीही मिळू शकते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु स्वतः होऊन आलेल्या माणसाकडे आणि पकडून आणलेल्या माणसाकडे कोर्ट एकाच नजरेने पाहत नाही, हेही तितकेच खरे. वकिलाची ऐपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतील मनुष्य व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे यांना विनामूल्य वकील मिळतो.

दरम्यान पोलीस आलाच, तर झटापट करू नये व पळू नये. वॉरंटातील मजकूर सांगण्यास व मागितल्यास वॉरंट दाखविण्यास तो बांधलेला आहे. त्यावर जामीन घेण्याचा शेरा आहे की नाही हे पाहावे. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत कोर्टापुढे उभे करणे त्यास भाग असते. घरच्यांनी रडारड करीत न बसता ताबडतोब वकील व जामीनदार गाठावा.

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपले, असेही समजू नये. 2002 साली मुंबईत एका वकिलावर अजामीनपात्र वॉरंट निघाले होते. ते कोर्टात हजर झाले, वॉरंट रद्द झाले. तरी त्यानंतर 15 ऑगस्टच्या सुटीच्या दिवशी पोलिसांनी त्याच वॉरंटावर त्यांना अटक केली, कारण ते रद्द झाल्याचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2011 साली त्या न्यायालयाने वॉरंटे छापील व क्रमांकित असावीत, प्रत्येक कोर्टाने त्यांची नोंदवही ठेवावी, अशा सूचना दिल्या. कायदा जाणणाऱ्या वकिलाची ही गत, तर आपली काय कथा? म्हणून वॉरंट रद्द झाल्याच्या हुकुमाची नक्कल त्वरित काढावी, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी व दुसरी काही दिवस खिशातच बाळगावी.

शेवटी, जखमेवरील मलमापेक्षा जखमच न होऊ देणे बरे. पुढील पेशी ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी ती घरातील पंचांगावर किंवा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. तोडा, पेरणी किंवा आजार यांमुळे जाणे अशक्य असेल तर न सांगता गैरहजर राहू नये. वकिलास आधी कळवून हजेरी माफीचा अर्ज द्यावयास लावावा. तो प्रत्येक वेळी मंजूर होईलच असे नाही, परंतु न कळविण्यापेक्षा तो शतपटीने बरा. फिर्यादीशी तडजोड झाली तर ती लोकअदालतीत किंवा कोर्टात नोंदवून घ्यावी. नुसत्या पावतीवर विसंबू नये. दुसऱ्यासाठी जामीन राहिला असाल तर त्याच्या तारखांवरही लक्ष ठेवावे, कारण तो चुकला तर दंड आपल्या माथी येतो. आणि कोरा धनादेश कोणासही देऊ नये.

पेशीच्या दिवशी एक तोडा दुसऱ्याच्या भरवशावर सोडावा लागेल, दिवसाची मजुरी व एस. टी. चे भाडे जाईल, हे आम्ही जाणतो. परंतु ते नुकसान मोजता येते. न गेल्याचे नुकसान किती, हे मात्र पोलीस बांधावर येईपर्यंत कळत नाही.