उठताना मांडीवर हात टेकणारा मुलगा

पावसच्या कातळावर कलम सुकू लागले तर आपण लगेच मूळ उकरून पाहतो. पण चार-पाच वर्षांचा मुलगा घाटी चढताना मागे राहू लागला, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकू लागला, तर 'अशक्त आहे' म्हणून सोडून देतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, तिथे फसगत होते.

हा डुशेन नावाचा स्नायूंचा आनुवंशिक रोग असू शकतो. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला तो होतो. म्हणजे पंचक्रोशीत एखादाच. शेजाऱ्यांनी कधी पाहिलेला नसतो, म्हणून करणी-दृष्टीची भाषा सुरू होते. देशाचा हिशेब मांडला तर दर वर्षी दोन हजारांवर घरांत असे मूल जन्मते. तुमचे घर एकटे नाही.

दोष बहुधा आईकडून येतो, पण ती स्वतः बहुतेक वेळा धडधाकट असते. कोयीच्या रोपात मूळ झाडावर न दिसलेला गुण उमटतो ना, तसेच हे. सुमारे एक तृतीयांश मुलांत तर दोष नव्यानेच उद्भवतो. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर वाचावे! आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका. म्हणून दुसऱ्या बाळंतपणाचा विचार करण्याआधी तिची, शिवाय मावशीचीही, जनुकीय तपासणी व्हावी.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मुलाला दाखवा, रक्तातील सीपीके तपासण्याबद्दल विचारा. मुंबईच्या केईएममध्ये दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे. रोग मुळातून जात नाही. पण वेळीच औषध मिळाले तर चालणे काही वर्षे टिकते. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात धरला आहे, तेव्हा दाखलाही काढून घ्या.