संकेत, बहुधागी आज्ञावलींतील
युनिक्स व तिच्या धर्तीच्या परिचालन प्रणालींत चालू आज्ञावलीस एखादी घटना कळविण्यासाठी जी अल्प सूचना पाठविली जाते, तीस संकेत किंवा सिग्नल म्हणतात. वापरकर्त्याने कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यास सिगइंट, निषिद्ध स्मृतिस्थानास स्पर्श झाल्यास सिगसेग्व्ही, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. संकेत येताच चालू काम असेल तेथे तुटते, त्यासाठी नेमलेले हाताळणी-कार्य चालते आणि ते संपल्यावर मूळ काम सामान्यतः पुढे सुरू होते.

केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ पासून युनिक्स घडविली, तेव्हा एका प्रक्रियेत कामाचा एकच ओघ असे. त्यामुळे संकेत कोणी घ्यावयाचा, हा प्रश्नच नव्हता. पुढे समाईक स्मृतीवर अनेक ओघ, म्हणजे धागे किंवा थ्रेड, एकत्र चालविण्याची रीत आली व १९९५ मध्ये पॉसिक्स मानकात तिचे नियम आले. जुनी संकेतव्यवस्था मात्र टाकून देणे शक्य नव्हते. या जोडकामाच्या सांध्यातच संघर्ष उद्भवतात.

संकेत अडविण्याची मुभा प्रत्येक धाग्यास स्वतंत्र असते. हाताळणी-कार्यांचा तक्ता मात्र सर्व प्रक्रियेस एकच. प्रक्रियेस उद्देशून आलेला संकेत तो न अडविलेल्या कोणाही एका धाग्यास मिळतो. कोणत्या, हे मानक सांगत नाही. रेल्वेच्या सिग्नलची उपमा येथे फसवी ठरते. वैतरणा स्थानकातून नदीवरील पुलाकडे, सफाळ्याच्या दिशेने निघणाऱ्या गाडीचा सिग्नल तिच्याच मार्गापुरता असतो. शेजारच्या मार्गावरील गाडीने तो मानावयाचा नसतो.

सर्वांत घातक प्रकार कुलपांचा. समाईक स्मृतीचे वाटप करताना धागा तिच्या नोंदीस कुलूप घालतो. नेमक्या त्या क्षणी संकेत आला आणि हाताळणी-कार्यानेही स्मृती मागितली, तर ते कुलूप उघडण्याची वाट पाहत राहते. पण कुलूप ज्याने घातले तो धागा हाताळणी-कार्य संपल्याखेरीज पुढे सरकत नाही. आज्ञावली गोठते. असा योग क्वचित येत असल्याने चाचणीत दोष बहुधा सापडत नाही. म्हणूनच हाताळणी-कार्यातून वापरण्यास सुरक्षित अशा मोजक्या कार्यांची यादीच मानकाने दिली आहे. नेहमीचे प्रिंटएफ तीत नाही, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

तक्ता एकच असल्याने दोन आज्ञासंग्रहही एकमेकांवर कुरघोडी करतात. जावाचे हॉटस्पॉट यंत्र सिगसेग्व्ही स्वतःच्या अंतर्गत कामासाठी वापरते. सोबतच्या सी भाषेतील संग्रहाने त्या जागी आपले कार्य नेमल्यास यंत्र कोसळू शकते. हे टाळण्यासाठी दोन्ही कार्ये साखळीने जोडणारा लिबजेसिग हा संग्रह जावासोबत मिळतो.

रूढ उपाय असा : नवे धागे निर्माण करण्यापूर्वीच मुख्य धाग्यात संकेत अडवावेत. अडवणूक नव्या धाग्यांकडे वारशाने जाते. मग एकच धागा सिगवेट या कार्याने संकेतांची वाट पाहतो. तो कोणाचेही काम मध्येच तोडत नसल्याने त्यास स्मृती मागण्याची वा कुलूप घालण्याची नेहमीची मोकळीक राहते. लिनक्समध्ये २००७ पासून सिग्नलएफडी या सोयीने संकेत फाइलीप्रमाणे वाचताही येतात. चुकीमुळे उद्भवणाऱ्या सिगसेग्व्हीस मात्र हा उपाय लागू पडत नाही. तो चूक करणाऱ्या धाग्यासच तत्काळ मिळतो.