रॅपवर संशोधन करायचंय? आधी प्रश्न नीट मांडा

"रॅपवर पीएच.डी. होते का?" पेटची तयारी करणारे ज्युनियर हे हमखास विचारतात. होते ना! पण 'हिप हॉप आणि पोलीस' हा झाला विषय. त्यातून प्रश्न कसा काढायचा, ते बघू.

एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राजकारण्यांवरच्या रॅपसाठी अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवरही रॅपवरूनच गुन्हा दाखल झाला. आता १९८८ कडे या. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाने थेट पोलिसांच्या छळावर गाणं केलं. १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं.

फरक लक्षात आला? तिकडे पोलीस हा गाण्याचाच विषय होता. आपल्याकडे विषय सत्ताधारी होते, पोलीस नंतर आले. दोन्हींना 'पोलीसविरोधी रॅप' म्हटलं, की अभ्यास तिथेच घसरतो. तुमचा प्रश्न नेमका कशावर आहे, गाण्यातल्या पोलिसावर की गाण्यानंतर आलेल्या पोलिसावर? हे एका वाक्यात लिहून काढा.

दुसरी पायरी पुराव्याची. गाण्यातला 'मी' म्हणजे गायकच असं धरू नका. अमेरिकेत रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात वापरल्या गेल्या. त्याला आळा घालायला कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला. कोर्टाने जी चूक करू नये, ती आपण प्रबंधात कशाला करायची? एफआयआरसुद्धा एका बाजूचं म्हणणं असतं. गाणं, एफआयआर, कोर्टाचा आदेश आणि मुलाखत हे चारही शेजारी ठेवून वाचा.

तिसरी पायरी आपल्या यवतमाळची. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. पारधी बेड्यावरच्या पोराकडे संशयाने बघायला गाणं लागतच नाही. म्हणून फक्त रॅपर निवडले, तर ज्यांचा आवाज रेकॉर्डच झाला नाही ते तुमच्या नमुन्यातून आपोआप गळतात. विज्ञानात याला निवडीचा दोष म्हणतात, इथेही तो तसाच लागू होतो.

पण बेड्यावर जायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबद्दल कायद्याचं जे संरक्षण असतं, ते संशोधकाला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस तुमच्याकडची कागदपत्रं, रेकॉर्डिंग मागू शकतात. तेव्हा नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. संमतीपत्रं वेगळी ठेवा. प्रलंबित गुन्ह्याचा तपशील विचारूच नका. आणि ही जोखीम समोरच्याला त्याच्या भाषेत आधी सांगा. ऐकून तो "नको" म्हणाला, तर वही मिटायची. तुमचा प्रबंध एका वर्षाने लांबेल, त्याची तारीख मात्र कोर्टात लागणार नाही.