किल्ली, कोठार आणि दुभाषा

तमिळनाडूत कुंभकोणम् शहराच्या पश्चिमेस, अगदी लागूनच, दारासुरम् हे गाव आहे. रेशमी वस्त्रे विणणारे माग आणि ऐरावतेश्वराचे मंदिर या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जाते. हे मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधविले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास जागतिक वारशाचा मान १९८७ साली मिळाला आणि २००४ साली त्याच मालिकेत दारासुरमच्या मंदिराचा समावेश झाला. तंजावरचे भोसले घराणे व तेथील मराठी ग्रंथसंग्रह यांमुळे हा मुलूख मराठी वाचकास अगदी परका नाही.

मंदिराच्या मुख्य भागाच्या पायथ्याशी लहान लहान शिल्पपटांची एक रांग आहे. शैव परंपरेतील त्रेसष्ट नायन्मार संतांच्या जीवनातील प्रसंग त्यांत कोरलेले असून शिल्पपटांसोबत नावेही कोरलेली आहेत. ज्यास एखाद्या विशिष्ट संताचा प्रसंग पाहावयाचा आहे, त्याने नाव वाचीत जावे. नाव सापडले की चित्र सापडले. प्रत्येक शिल्पाचे निरीक्षण करून हा कोण असेल, असा तर्क करीत बसण्याचे कारण नाही.

नाव सांगावे आणि वस्तू मिळावी, या साध्या व्यवस्थेवर आजच्या संगणकयुगातील एक मोठी शाखा उभी आहे. तिला ‘की-व्हॅल्यू डेटाबेस’ म्हणतात. ‘की’ म्हणजे किल्ली आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्या किल्लीने उघडणारा ऐवज. या कोठाराशी आपला संगणकीय कार्यक्रम कसा बोलतो आणि त्या दोघांमधील दुभाषा चुकला तर काय अनर्थ ओढवतो, ते या लेखात पाहावयाचे आहे.

कोठाराची रचना

माहिती साठविण्याचे प्रकार अनेक आहेत. शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे ओळी व रकाने आखून माहिती ठेवली, तर ‘सातवीतील किती विद्यार्थी सोमवारी गैरहजर होते?’ असे गुंतागुंतीचे प्रश्न विचारता येतात. की-व्हॅल्यू कोठार अशा प्रश्नांच्या भानगडीत सहसा पडत नाही. ‘ही किल्ली घे, हा ऐवज ठेव’ आणि ‘ही किल्ली घे, ऐवज परत दे’ ही त्याची मुख्य कामे होत. काम मर्यादित असल्यामुळे ते फार जलद होते.

या कल्पनेचा इतिहास जुना आहे. केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ‘डीबीएम’ नावाचे असे कोठार युनिक्स प्रणालीसाठी रचले. २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘मेमकॅश्ड’ तयार केले. २००९ साली इटलीतील साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी ‘रेडिस’ प्रसिद्ध केले. ‘दूरस्थ शब्दकोश सेवक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांपासून हे नाव बनले आहे. शब्दकोशात शब्द काढावा आणि अर्थ मिळावा, तसेच हे. रेडिस आपला ऐवज संगणकाच्या मुख्य स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, बाळगते. म्हणून त्याचे उत्तर क्षणाच्याही लहानशा अंशात येते. कोणी प्रवेश केला आहे, कोणाच्या टोपलीत कोणती वस्तू आहे, एखादे पान किती जणांनी पाहिले, अशा झटपट लागणाऱ्या नोंदी तेथे ठेवतात.

दुभाष्याची गरज

कोठार एका यंत्रावर असते आणि आपला कार्यक्रम बहुधा दुसऱ्या यंत्रावर. दोहोंमध्ये तार असते, पण तारेतून केवळ बाइटांचा प्रवाह वाहतो. पायथन भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमास कोठाराची बोली येत नाही आणि कोठारास पायथन कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्याचे नाव ‘क्लायंट लायब्ररी’. क्लायंट म्हणजे सेवा मागणारा. आणि लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे दालन नव्हे, तर कोणीतरी आधीच लिहून व तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संच. पायथनसाठी ‘रेडिस-पाय’, जावासाठी ‘जेडिस’, असे प्रत्येक भाषेचे स्वतंत्र दुभाषे आहेत.

कार्यक्रम लिहिणारा दुभाष्यास चार गोष्टी सांगतो: कोठाराच्या यंत्राचा पत्ता, त्यावरील दाराचा क्रमांक (रेडिसच्या बाबतीत तो रूढीने ६३७९ असतो), परवलीचा शब्द आणि उत्तराची वाट किती वेळ पाहावयाची ती मुदत. एवढे झाले की एका ओळीत ऐवज ठेवावा व एका ओळीत परत मागावा. बाकीची खटपट दुभाष्याची. ही खटपट कोणती, हे समजून घेणे मात्र आपणांस फायद्याचे आहे.

बाइट मोजण्याची शिस्त

समजा, ‘दारासुरम्’ या किल्लीचा ऐवज हवा आहे. दुभाषा कोठारास प्रथम कळवितो की, मी दोन शब्द पाठवीत आहे. मग सांगतो, पहिला शब्द ३ बाइटांचा आहे. आणि ‘दे’ या अर्थाचा तीन रोमन अक्षरांचा शब्द ‘गेट’ पाठवितो. त्यानंतर दुसऱ्या शब्दाची लांबी आणि मग तो शब्द. आधी माप, मग माल, हा येथील नियम. मापामुळे कोठारास शब्द कोठे संपतो हे शोधावे लागत नाही. सांगितले तितके बाइट वाचले की झाले.

रोमन लिपीत दारासुरम् हे नाव ९ अक्षरांचे आहे आणि त्याचे ९ बाइटच होतात. देवनागरीत त्याचे घटक द, आ-ची मात्रा, र, आ-ची मात्रा, स, उ-ची मात्रा, र, म आणि हलन्त असे मोजले, तर तेही ९ भरतात. पण आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट व्यापतो. म्हणजे माप २७ झाले. एखाद्या निष्काळजी दुभाष्याने बाइटांऐवजी अक्षरेच मोजली आणि ‘९’ असे माप पाठविले, तर कोठार पहिले ९ बाइट वाचून थांबेल. त्या ९ बाइटांत तीनच घटक मावतात: द, मात्रा आणि र. म्हणजे आपण ‘दारासुरम्’ मागितले व कोठाराने ‘दार’ ऐकले! उरलेले बाइट ते पुढील आज्ञा समजून वाचू लागेल व सारा संवाद बिघडेल. केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या दुभाष्यात ही चूक दिसून येत नाही; ती मराठी मजकुरावरच उघडी पडते. म्हणून आपल्या भाषेतील मजकूर घेऊन परीक्षा करणे, हा भाषाभिमानाचाच नव्हे तर शास्त्रीय काटेकोरपणाचाही भाग आहे.

हत्ती की बैल?

दारासुरमच्या मंदिरात एक प्रसिद्ध शिल्प आहे. हत्ती व बैल समोरासमोर उभे आहेत, परंतु दोघांत मिळून डोके एकच. डावे-उजवे अंग आळीपाळीने झाकून पाहावे: एका धडाशी तेच डोके हत्तीचे दिसते, दुसऱ्या धडाशी तेच बैलाचे. दगड बदललेला नसतो. आपण तो कशाशी जोडून वाचतो, एवढेच बदललेले असते.

कोठारातील ऐवजाचेही असेच आहे. ‘१२’ हा ऐवज संख्या आहे की दोन अक्षरे आहेत? कोठाराच्या दृष्टीने ते दोन बाइट होत. पायथनच्या कार्यक्रमाने आपली एखादी गुंतागुंतीची वस्तू स्वतःच्याच पद्धतीने गुंडाळून आत ठेवली, तर जावाचा कार्यक्रम ती उघडू शकणार नाही. म्हणून ठेवणाऱ्याने व घेणाऱ्याने गुंडाळण्याची एकच पद्धत आधी ठरवावी लागते. तसेच ‘किल्लीच नाही’ आणि ‘किल्ली आहे, पण ऐवज रिकामा आहे’ या दोन भिन्न गोष्टी होत. कोनाडाच नसणे वेगळे आणि कोनाडा असून त्यात काही न ठेवणे वेगळे. चांगला दुभाषा हा भेद पुसून टाकीत नाही.

राखीव वाटा आणि बदललेले पत्ते

कोठाराशी नवी जोडणी करावयाची, तर आधी दोन्ही यंत्रांत नमस्कार-प्रतिनमस्कार व्हावा लागतो आणि त्यात वेळ जातो. प्रत्येक मागणीसाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून दुभाषा काही जोडण्या उघडून ठेवतो, मागणी आली की एक देतो आणि काम झाले की परत घेतो. रिक्षाथांब्यावर रिक्षा उभ्या असाव्यात, तसा हा प्रकार होय. थांब्यावर परतलेली रिक्षा रिकामी असली पाहिजे, हे मात्र लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

उत्तर मुदतीत आले नाही, तर मागणी पुन्हा करावी काय? ‘ऐवज दे’ ही मागणी दहा वेळा केली तरी बिघडत नाही. पण ‘मोजणीत एक मिळव’ ही आज्ञा पोहोचून तिची पावती तेवढी वाटेत हरवली असेल, तर दुसऱ्यांदा पाठविताच एकाचे दोन होतील. पैसे पाठविले आणि पोच आली नाही, म्हणून कोणी लगेच पुन्हा पैसे पाठवीत नाही. तोच विवेक येथेही हवा.

कोठार फार मोठे झाले की ते अनेक यंत्रांत वाटतात. रेडिसमध्ये त्यासाठी १६,३८४ कप्पे कल्पिलेले असतात. किल्लीवर एक ठराविक गणित केले की तिचा कप्पा ठरतो आणि प्रत्येक यंत्राकडे काही कप्पे सोपविलेले असतात. कप्पा दुसऱ्या यंत्राकडे गेला असेल, तर पहिले यंत्र रागावत नाही. ‘तो तेथे हलविला आहे’ असे सांगून नवा पत्ता देते. दुभाषा तेथे जातो आणि नवा पत्ता टिपूनही ठेवतो. दारासुरमला एक द्वारपालाची मूर्ती होती. अकराव्या शतकात राजाधिराज चोळाने चालुक्यांचे कल्याणी नगर, म्हणजे आपल्या सीमेलगतचे आजचे बसवकल्याण, जिंकले आणि तेथून ही मूर्ती आणली. आता ती तंजावरच्या संग्रहालयात आहे. तिच्या शोधात दारासुरमला आलेल्या अभ्यासकास ‘तंजावरला जा’ असेच उत्तर मिळते. पण मूर्तीवर ती कोणी व कोठून आणली याचा लेख कोरलेला असल्यामुळे, तिने कितीही ठिकाणे बदलली तरी तिची ओळख हरवलेली नाही.

२० मार्च २०२३

आता दुभाषा चुकला म्हणजे काय होते, ते पाहू. ‘चॅटजीपीटी’ ही संभाषण करणारी सेवा २० मार्च २०२३ रोजी काही काळ बंद ठेवावी लागली. काही वापरकर्त्यांना स्वतःच्या संभाषणांच्या यादीत दुसऱ्याच कोणाच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली होती. ती सेवा चालविणाऱ्या ओपनएआय संस्थेने चौकशी करून कारण जाहीर केले. दोष कोठारात नव्हता. तो रेडिस-पाय या दुभाष्यात होता.

घडले ते असे. प्रत्येक जोडणीत मागण्यांची एक रांग असते व उत्तरांची एक. मागण्या ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने उत्तरे येतात. उत्तरावर मागणाऱ्याचे नाव नसते. औषधाच्या दुकानातील खिडकीशी एकाने चिठ्ठी दिली आणि औषध घेण्यापूर्वीच तो निघून गेला, असे समजा. आतून पुडी आली, ती रांगेतील पुढच्या माणसाच्या हाती पडली. येथेही मागणी पाठवून झाल्यावर व उत्तर येण्यापूर्वी ती रद्द झाली, की ती जोडणी तशीच राखीव साठ्यात परत जात असे. तिच्यातून पुढची मागणी गेली म्हणजे आधीचे, दुसऱ्या कोणाचे तरी उत्तर हाती येई. रिक्षा थांब्यावर परतली होती, पण आत आधीच्या प्रवाशाचे सामान राहिले होते.

मागण्या क्वचितच रद्द होत होत्या तोवर हा दोष झाकलेला राहिला. त्या दिवशी सेवेत केलेल्या एका बदलामुळे रद्द होणाऱ्या मागण्या एकाएकी वाढल्या व तो उघड झाला. संस्थेने दिलेल्या माहितीनुसार, नऊ तासांच्या एका कालखंडात ज्यांनी सेवा वापरली अशा वर्गणीदारांपैकी १.२ टक्के लोकांची नाव, ई-मेलचा पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक अशी माहिती दुसऱ्यास दिसली असण्याची शक्यता होती. कार्डाचे पूर्ण क्रमांक मात्र उघड झाले नाहीत.

उपाय दोन झाले. ज्या जोडणीवरील मागणी अर्धवट सुटली, ती जोडणी साठ्यात परत न घेता मोडून टाकणे, हा दुभाष्यातील उपाय. आणि कोठारातून आलेला ऐवज खरोखर मागणाऱ्याचाच आहे काय, हे देण्यापूर्वी पुन्हा तपासणे, हा सेवेतील उपाय. दुसरा उपाय म्हणजे द्वारपालावरील लेखच होय: ऐवज कोणाचा, हे ऐवजावरच लिहिलेले असावे.

बोलीचे महत्त्व

मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या वापराच्या अटी बदलल्या, तेव्हा अनेक कार्यकर्त्यांनी त्याच्या आधीच्या मुक्त आवृत्तीपासून ‘व्हॅल्की’ नावाचे स्वतंत्र कोठार लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने सुरू केले. २०२५ साली रेडिसनेही पुन्हा एक मुक्त परवाना उपलब्ध करून दिला. या घडामोडींत असंख्य कार्यक्रम कोलमडून पडले नाहीत, कारण दोन्ही कोठारांची बोली एकच होती आणि जुने दुभाषे नव्या कोठाराशीही बोलू शकत होते. कोठारे बदलतात, सर्वांस खुली व नीट लिहून ठेवलेली बोली टिकते.

रेडिस-पायसारखे अनेक दुभाषे मुक्त आहेत. त्यांचा मजकूर कोणीही वाचू शकतो, चूक दाखवू शकतो, सुधारूही शकतो. ज्या शाळेत एखादा संगणक आहे, तेथील विद्यार्थ्यांनी असे एखादे कोठार आपल्याच यंत्रावर उभारावे. ते परवलीच्या शब्दावाचून बाहेरच्या जगास उघडे ठेवू नये. त्यात आपल्या गावाचे नाव देवनागरीत किल्ली म्हणून घालावे, काहीतरी ऐवज ठेवावा आणि तो परत मागावा. जे ठेवले तेच, जसेच्या तसे, आपल्यालाच परत मिळाले काय, एवढे पाहावे. दुभाष्याची सारी परीक्षा या एका प्रश्नात आहे.