अर्धा इंच

जाळीला नऊ उभ्या फटी दिसल्या की ती महायुद्धाच्या काळातली विलीज घडणीची जीप. कामशेतजवळ जुन्या महामार्गावर अशी एक पुढून गेली आणि बॉनेटखालून चक्क डिझेलची टकटक ऐकू आली. विलीज मूळची पेट्रोलवरची. म्हणून चौकशी करत गॅरेज गाठलं.

तिथे आणखी एक विलीज इंजिन उतरवून उभी होती. मूळचं इंजिन २१९९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं. त्या जागी येणार होतं महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल. ताकद जवळपास तेवढीच; मालकाला हवं होतं ॲव्हरेज आणि सहज मिळणारे पार्ट. चेनपुलीने इंजिन आत सोडलं, सहा व्होल्टचं वायरिंग बारावर नेलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. डिझेल इंजिन जड; पुढचे पाटे बसतात आणि खड्ड्यात ॲक्सल वर येऊन ऑइल चेंबरला धडकतो. म्हणून नंतरच्या जीपचे रुंद पाटे आणि लांब शॅकल घालून पुढची बाजू उचलायची. पण फार उचलली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. "अर्धा इंच सुटला पाहिजे, जास्त नको," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ॲक्सलवर ओल्या मातीचा गोळा थापला, बंपरवर दोन पोरं चढवून गाडी दाबली आणि चेपलेली माती पट्टीने मोजली. पाव इंच भरली. पाटे पुन्हा उतरले. ओली माती आणि डिझेल यांचा तो मिसळलेला वास अजून आठवतो. तिसऱ्यांदा अर्धा इंच भरला, तेव्हाच त्यांनी नट आवळले.

मग ब्रेक. खंडाळ्याचा घाट चढणारी गाडी तो उतरणारही असते, हे मिस्त्री प्रत्येक मालकाला बजावतात. ब्रेकचं काम नको म्हणणाऱ्याचं इंजिन ते बसवत नाहीत.

मावळात चिखलातून रोज राबणाऱ्या जीपला हे नवं आयुष्य मिळावं, असंच मला वाटतं. मात्र त्याची किंमत ठाऊक हवी. वेगळ्या जातीचं इंजिन आरटीओच्या मंजुरीशिवाय बसवता येत नाही. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी ती मूळ रूपात असेल तरच होते. इंजिन किंवा चासीत मोठा बदल केला की तो हक्क जातो. म्हणून जीपवाल्यांना एकच विनंती : मंजुरी आधी घ्या, चासी कापू नका, आणि उतरवलेलं मूळ इंजिन भंगारात न घालता तेल लावून जपून ठेवा.