कीओच्या दगडापर्यंत

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बिलिंग्ज शहरातून महामार्गाने आग्नेयेला निघाले की तासाभरात लिटल बिगहॉर्नची रणभूमी लागते. यलोस्टोन पाहून निघालेले प्रवासी इथे वाट थोडी वाकडी करून येतात. माहिती केंद्राबाहेर रेंजर लढाईची गोष्ट रंगवून सांगतो. मग सगळे टेकडीवर चढतात, जनरल कस्टरच्या दगडाचा फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. इथली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र पुढे, कड्याच्या पूर्वेकडच्या गवताळ खोलगटात आहे. तिथे मायल्स कीओ पडला.

लढाई बहुतेकांना ठाऊक असते. १८६८ च्या फोर्ट लारमी कराराने ब्लॅक हिल्सचा मुलूख लाकोटा या मूळ रहिवासी जमातीचा ठरला होता. १८७४ मध्ये तिथे सोने सापडल्याचा बोभाटा झाला आणि करार बाजूला पडला. ३१ जानेवारी १८७६ पर्यंत राखीव प्रदेशात हजर व्हा, नाहीतर लष्कराशी गाठ आहे, असा हुकूम सुटला. २५ जूनला कस्टरने सातव्या घोडदळाच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडून नदीकाठच्या प्रचंड छावणीवर चाल केली. लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी त्याच्याबरोबरच्या पाच कंपन्या पार कापून काढल्या. त्या पाच कंपन्यांतले सुमारे २१० जण मेले. त्यातल्या ‘आय’ कंपनीचा कप्तान कीओ होता.

त्याचा जन्म २५ मार्च १८४० चा, आयर्लंडच्या कार्लो परगण्यातल्या लेलिनब्रिजचा. बॅरो नदीवरचे हे लहानसे गाव. मायल्स पाच वर्षांचा असताना बटाट्यावर रोग पडला आणि त्या दुष्काळात आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे मेली; तितकीच देश सोडून गेली. कीओंचे घर खाऊनपिऊन बरे होते, पण धाकट्या मुलांना त्या देशात वाव नव्हता. विशीत तो पोपच्या सैन्यात भरती होण्यासाठी इटलीला गेला. १८६० मध्ये अँकोना बंदराच्या बचावात तो लढला. बंदर पडले, पण पोपकडून पदक मिळाले.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि तिथे अनुभवी अधिकारी हवे होते. एप्रिल १८६२ मध्ये तो एका आयरिश मित्राबरोबर न्यूयॉर्कला उतरला. आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख सैनिक त्या युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले, त्यातलाच हा एक. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत तो जनरल ब्युफर्डच्या दिमतीला होता आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्युफर्ड आजारपणात गेला तेव्हा कीओ त्याच्या उशाशी होता. १८६४ मध्ये जॉर्जियात तो शत्रूच्या हाती सापडला. पुढे सुटका झाली. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये त्याला नव्या सातव्या घोडदळात कप्तानकी मिळाली. या पलटणीची धून ‘गॅरीओवेन’, लिमरिकजवळच्या एका वस्तीचे नाव असलेली आयरिश धून. रणभूमीजवळच्या वस्तीलाही आज तेच नाव आहे.

परक्या सत्तेखाली आपला देश पिचताना पाहिलेला हा माणूस, दुसऱ्या एका लोकसमूहाची जमीन हिरावून घेणाऱ्या फौजेत मेला. त्याची कहाणी सांगताना ही गोष्ट झाकून चालणार नाही. तो शूर होता, हेही तितकेच खरे.

लढाईनंतर दोन दिवसांनी मदतीची फौज आली तेव्हा कीओभोवती त्याच्याच कंपनीची माणसे पडलेली होती. बऱ्याच प्रेतांची विटंबना झाली होती. कीओचे शरीर मात्र तसेच होते, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. गळ्यातली धार्मिक खूण पाहून योद्ध्यांनी त्याला सोडले असावे, असे मानतात. मोहिमेवर निघण्यापूर्वीच त्याने पत्रातून कळवले होते, की मारला गेलो तर न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला, ओळखीच्या मार्टिन कुटुंबाच्या गावी, पुरावे. ऑक्टोबर १८७७ मध्ये फोर्ट हिल दफनभूमीत त्याची इच्छा पुरी झाली.

इथे येणाऱ्याला खरा जीव लावतो तो त्याचा घोडा, कोमँची. १८६८ मध्ये कोमँची जमातीशी झालेल्या चकमकीत त्याला बाण लागला, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. रणभूमीवर तो अनेक जखमांनी रक्तबंबाळ, पण जिवंत सापडला. कीओचा गुडघा फोडणारी गोळीच घोड्याच्या अंगात शिरली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. बोटीने त्याला फोर्ट लिंकनला नेले. गुस्ताव कॉर्न नावाच्या नालबंदाने त्याची निगा राखली. एप्रिल १८७८ मध्ये पलटणीचा प्रमुख कर्नल स्टर्जिस याने लेखी हुकूम काढला, की या घोड्यावर यापुढे कोणीही स्वार व्हायचे नाही आणि त्याला कोणतेही काम लावायचे नाही. पलटणीच्या समारंभात तो खोगीर चढवून, काळी झूल पांघरून मिरवणुकीत चाले. डिसेंबर १८९० मध्ये वुंडेड नी इथल्या लाकोटांच्या कत्तलीवेळी कॉर्न मारला गेला आणि पुढच्याच नोव्हेंबरात घोडाही गेला.

मग कान्सास विद्यापीठातले प्राध्यापक ल्युईस डाइक यांना बोलावणे गेले. प्राण्यांची कातडी भरून त्यांना जिवंतपणा देण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. मजुरी ४०० डॉलर ठरली, पण पलटणीने ती दिली नाही आणि घोडा विद्यापीठाकडेच राहिला, असे सांगतात. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तो मांडला गेला. आज लॉरेन्स शहरातल्या संग्रहालयात तो काचेआड उभा आहे. ‘लढाईतून वाचलेला एकमेव जीव’ ही त्याची ख्याती मात्र चुकीची आहे. फौजेचे कितीतरी घोडे योद्ध्यांनी नेले, आणि त्या दिवशी हजारो लाकोटा व शायेन लोकही वाचले होते.

त्यांची आठवण ठेवायला सरकारला फार वर्षे लागली. १८९० मध्ये फौजेने मेलेल्या सैनिकांसाठी पांढरे दगड रोवले, तेही हिशेबापेक्षा चाळीसएक जास्त. योद्ध्यांसाठी तांबड्या ग्रॅनाइटचे पहिले दगड यायला १९९९ उजाडले. १९९१ पर्यंत तर या जागेचे नावच कस्टरचे होते. २००३ मध्ये मूळ रहिवाशांचे स्मारक उभे राहिले. त्यातली तारेच्या रेषांनी घडवलेली स्वारांची शिल्पे आरपार दिसतात आणि मागचे आकाश त्यांच्यातून वाहते. ते टेकडीपासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी पुष्कळ लोक तिकडे वळत नाहीत.

सैनिकांच्या बहुसंख्य दगडांवर नाव नाही, फक्त सातव्या घोडदळाचा सैनिक इथे पडला, एवढेच. आयर्लंड, जर्मनीहून पोटासाठी आलेली कितीतरी पोरे त्यात आहेत. त्यांच्या गावांची नावे माहिती फलकांवर तरी यायला हवीत.

या बाजूला गेलात तर कस्टरच्या टेकडीवरून परत फिरू नका. रस्ता पुढे रेनो-बेंटीन टेकडीपर्यंत सुमारे सात किलोमीटर जातो आणि कीओचा दगड त्याच वाटेवर लागतो. सावली नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा, आणि गवतात रॅटलस्नेक असतात म्हणून पायवाट सोडू नका.